नातीच्या मुलाखती

हिंदीत नोकरीच्या मुलाखतीला ‘साक्षात्कार’ म्हणतात. आपल्याकडे साक्षात्कार संतांना होतो, तोही देवाचा. हिंदीत तो पदवीधरांना होतो, आणि कंपनीचा! हिंदीचे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा, तेव्हा या शब्दावर वर्गात हमखास हशा पिकायचा. गेल्या दोन वर्षांत मात्र आमच्या घरात या विषयावर कुणाला हसू आलेलं नाही. नात इंजिनियर झाली, आणि घरात एकामागून एक ‘साक्षात्कार’ सुरू झाले.

तिची दहावी इथेच पेणला झाली, मराठी माध्यमातून. पुढे लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात संगणकाला प्रवेश मिळाला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं, आपल्याच रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात, मुंबई-गोवा रस्त्याला लागून. आमच्या तरुणपणी इंजिनियर व्हायचं तर मुलगा मुंबई-पुण्याला नातेवाइकांकडे ठेवावा लागे. मुलीचा तर प्रश्नच नसे. आता ती एसटीनं जाते-येते, हॉस्टेलवर राहते. बदल होतात, आपल्या लक्षात मात्र येत नाहीत.

माझी स्वतःची पहिली मुलाखत १९७४ सालची, रोह्याची. माहेर रोह्याचं. बी.ए. झाले होते, मराठी घेऊन. तिथल्या एका शाळेत जागा निघाली. टेबलामागे तिघे जण. एकांनी फळ्यावर चार ओळी लिहायला लावल्या, अक्षर पाहिलं. दुसऱ्यांनी समास विचारला. तिसऱ्यांनी चष्मा काढून, पुसून, परत घालून विचारलं, “लग्न ठरलंय का? नाही म्हणजे, ठरलं तर नोकरी सोडाल ना?” मी म्हटलं, ठरलं की कळवीन. संपली मुलाखत. जागा मला मिळाली नाही. दोन वर्षांनी लग्न होऊन पेणला आले आणि इथल्या शाळेत लागले ती निवृत्तीपर्यंत.

गंमत अशी की त्याच १९७४ साली पुण्यात एक मुलाखत झाली, ती आज सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, बंगलोरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकत होत्या. टेल्कोची जाहिरात लागली, तिच्यात लिहिलेलं, स्त्रियांनी अर्ज करू नयेत. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. तार आली, कंपनीच्या खर्चानं पुण्याला मुलाखतीला या म्हणून. त्या गेल्या आणि टेल्कोत इंजिनियर म्हणून लागल्या. ही हकिकत त्यांनीच सांगितलेली आहे. मला ती कळली तेव्हा मी चांगली पन्नाशीला आले होते. नाहीतर मीही एखादं कार्ड टाकलं असतं! (कुणाला टाकलं असतं हा प्रश्न वेगळा. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना जे. आर. डी. म्हणणं जरा जड जातं.)

असो. तेव्हा निदान समोर माणसं होती. चष्मा पुसणारी का होईना, माणसंच. नंदन निलेकणी १९७८ साली पटनी कॉम्प्युटर्समध्ये नोकरीसाठी गेले, तर मुलाखत घ्यायला समोर नारायण मूर्ती. तीन वर्षांनी, १९८१ साली, हे दोघं आणि आणखी पाच जण मिळून पुण्यात इन्फोसिस काढतात, सुधाताईंनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर. म्हणजे मुलाखतीत जुळलेली ओळख किती लांब जाऊ शकते पाहा.

आताच्या मुलांना समोर माणूस दिसेपर्यंत निम्मी गाळलेली असतात. आधी संगणकावर परीक्षा: गणितं, तर्काचे प्रश्न, इंग्रजी. मग एकदोन प्रोग्रॅम लिहून दाखवायचे. हे सगळं घरी बसून, पण कॅमेरा चालू. परीक्षेच्या आधी लॅपटॉप चारी बाजूंना फिरवून खोली दाखवावी लागते. आमच्या खोलीत तिच्या आजोबांचा हार घातलेला फोटो, पापडांचे डबे आणि माझी शिवणाची मशीन, एवढं सगळं त्या कंपनीनं पाहून घेतलं. परीक्षेत मान फार वेळ बाजूला वळली किंवा दुसरा चेहरा दिसला तर ताकीद येते. माझी सून तेवढा वेळ कुकरसुद्धा लावत नसे. कोळणीला खिडकीतूनच हातानं ‘आज नको’ सांगायचं. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून मुलगा शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून वायर टाकून ठेवायचा. तो धाटावला एमआयडीसीत नोकरी करतो, सकाळची रोह्याची गाडी पकडतो. परीक्षेच्या दिवशी मात्र रजा टाकून दाराशी खुर्चीवर बसलेला, जणू आत ऑपरेशन चालू आहे.

ही चाळणी ती दरवेळी पार करायची. गणित चांगलं आहे तिचं. अडायचं ते पुढे, माणसासमोर.

पहिल्या कंपनीत तांत्रिक मुलाखत झाली. तीही कॅमेऱ्यावरच. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला. “काय विचारलं?” “सोपं होतं गं आजी. मला येत होतं.” “मग?” “मी विचार करत होते. उत्तर सापडलंही. तोपर्यंत त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.” पुढे तीन आठवडे ती रोज मेल उघडून बघायची. निवड झाली नाही असंसुद्धा कुणी कळवलं नाही. आमच्या वेळी निदान एक छापील कार्ड यायचं, ‘खेद वाटतो’ म्हणून. खेद खोटा असेल, पण कार्ड खरं असायचं.

दुसऱ्या कंपनीतही तेच. मग तिला कॉलेजातल्या एका सीनियर मुलीनं, जी आता पुण्यात नोकरीला आहे, फोनवर सांगितलं की अगं, त्यांना नुसतं उत्तर नको असतं. तू विचार कसा करतेस ते ऐकायचं असतं. मनातल्या मनात विचार केलास तर त्यांना वाटतं, हिला काही येत नाही. बोलत राहा.

ते ऐकून मी बराच वेळ झोपाळ्यावर बसून होते. आपल्याकडे मुलांना काय सांगतात? आधी विचार कर, मग तोंड उघड. मुलींना तर दुप्पट. खात्री नसताना बोलणं म्हणजे आगाऊपणा. मोठ्यांसमोर अर्धवट बोलायचं नाही. माझे वडील आम्हा भावंडांना प्रत्येक परीक्षेआधी चिंतामणराव देशमुखांचं नाव ऐकवायचे. त्यांचं बालपण रोह्यात गेलेलं. १९१२ साली मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, १९१८ साली लंडनला आयसीएसला पहिला नंबर, पुढे १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. रोह्यातल्या पोरांना हे उदाहरण म्हणजे डोक्यावरची तलवारच होती! पण त्या उदाहरणातून आमच्या डोळ्यांपुढे यायची ती खाली मान घालून, कंदिलाजवळ बसून गप्प अभ्यास करणारी हुशारी. मोठ्यानं चाचपडणारी हुशारी आम्ही कुठे पाहिलीच नव्हती. आणि या कंपन्यांना हवी ती नेमकी तीच. त्यांचंही चूक नाही. दहा जण मिळून एक काम करणार, तर एकाच्या डोक्यात काय चाललंय ते बाकीच्या नऊ जणांना कळायला नको?

शहरातली, इंग्रजी शाळेतली मुलं लहानपणापासून चारचौघांत चुकीचं बोलायला सरावलेली असतात. आमची मुलगी चुकतही नव्हती आणि बोलतही नव्हती. त्यात भाषा. ती विचार करते मराठीत. तो आधी मराठीत पुरा करायचा, मग इंग्रजीत नेऊन ठेवायचा. तेवढ्यात समोरच्याचा पुढचा प्रश्न.

मग मी म्हटलं, मला समजावून सांग. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, मोबाइलवर फोटो पाठवता येतात एवढंच. म्हणजे तुला गृहीत काही धरता येणार नाही. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर अर्धा तास. अट एकच, थांबायचं नाही. अडलीस तर “मी इथे अडले” असं मोठ्यानं म्हणायचं. आधी मराठीत, मग तेच इंग्रजीत. इंग्रजी मला बेताचंच येतं, त्यामुळे तिला अवघड शब्दांमागे लपता यायचं नाही.

पहिल्या दिवशी शोधायची एक पद्धत सांगितली. ओळीनं लावलेली हजार नावं आहेत, त्यांतलं एक शोधायचं. पहिल्यापासून बघत गेलीस तर हजार वेळा बघावं लागेल. त्याऐवजी मधलं नाव बघ. हवं ते आधी असेल तर पुढचा अर्धा भाग सोडून दे. उरलेल्याचा परत मध्य. असं केलं तर हजारातलं नाव दहा वेळा बघण्यात सापडतं. मी म्हटलं, शब्दकोशात आम्ही हेच करतो की! पण नावं ओळीनं लावलेलीच नसतील तर? ती थबकली. “इथे अडले,” म्हणाली. मग स्वतःच बोलत बोलत सोडवलं: एकदाच शोधायचं असेल तर सरळ पहिल्यापासून बघितलेलं बरं, रोज शोधायचं असेल तर आधी लावून घेण्याचे कष्ट परवडतात.

एक दिवस गाडी माझ्या गावात आली. माहितीच्या तक्त्यात प्रत्येक माणसाला ओळखायची एक खूण लागते, दोघांची एक कधीच नसलेली. तिला प्रायमरी की म्हणतात. नाव का चालत नाही, ते ती मला समजावू लागली. मला? अगं, मी तीस वर्षं वर्ग सांभाळले. पेण तालुक्यात गावंच्या गावं पाटील आणि म्हात्रे. एका वर्गात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या तीन मुली. वडिलांचं नाव बघावं तर दोघींच्या वडिलांचंही तेच! मग हजेरीतला नंबर? तो दर वर्षी बदलतो. मुलगी नापास झाली, वर्ग बदलला, नवीन प्रवेश आला की सगळे नंबर हलतात. न हलणारा नंबर एकच, जनरल रजिस्टरचा. शाळेत पाऊल टाकलं त्या दिवशी जो पडला तो पडला. शाळा सोडून गेली तरी तो दुसऱ्या कुणाला देत नाहीत. चाळीस वर्षांनी दाखल्याची दुसरी प्रत मागायला आजीबाई होऊन आली तरी त्या नंबरावर ती सापडते. पण तिला स्वतःचा नंबर कुठे आठवतो? नाव माहीत, नंबर माहीत नाही. म्हणून आमच्या कारकुनांनी एक वेगळी वही केलेली होती, आडनावांप्रमाणे लावलेली, पुढे रजिस्टरचा नंबर. आधी त्या वहीत बघायचं, मग रजिस्टर काढायचं.

नात माझ्याकडे बघतच राहिली. “आजी, त्या वहीला आम्ही इंडेक्स म्हणतो.”

म्हटलं, तुम्ही काहीही म्हणा, आमच्याकडे ती मळकी वही होती.

पुढच्या कंपनीच्या मुलाखतीत योगायोगानं हाच विषय निघाला. समोरचे गृहस्थ दक्षिणेकडचे होते. मराठीचा आधार नाही. तिनं विचारलं, मी कागदावर काढून दाखवू का? आणि पाटी धरावी तसा कागद कॅमेऱ्यासमोर धरून शाळेचं रजिस्टर समजावलं. हजेरीचा नंबर का नको, रजिस्टरचा का हवा, वही कशाला. त्यांनी विचारलं, नवीन मुलगी आली तर त्या वहीचं काय होईल? हे मात्र आम्ही बोललो नव्हतो. ती म्हणाली, “इथे मला थोडा विचार करू द्या, मोठ्यानं करते.” मग सुचलं: प्रत्येक नवीन प्रवेशाला वहीतही योग्य जागी नोंद करावी लागेल, म्हणजे शोधणं जलद होतं पण लिहिण्याचं काम वाढतं. इंग्रजी तिचं तसंच होतं, खडबडीत. ते गृहस्थ हसले म्हणे, आणि पुढे वीस मिनिटं गप्पा मारल्यासारखी मुलाखत झाली.

या मुलाखतींबद्दल बाहेर काय काय सांगतात. गटाराचं झाकण गोल का असतं, हा मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतींतला म्हणून जगभर गाजलेला प्रश्न. मला तो नातीनं घातला. मी म्हटलं, डब्याचं गोल झाकण कसंही धरा, डब्यात पडत नाही. चौकोनी तिरकं केलं की आत जातं. त्यात काय! ती म्हणाली, आजी, तू पास. पण असल्या कोड्यांवरून माणूस पारखता येत नाही असं गूगलचे मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझलो बॉक यांनी २०१३ साली उघडपणे सांगून टाकलं. वेळ फुकट जातो आणि विचारणाऱ्यालाच आपण हुशार असल्यासारखं वाटतं, असा त्यांचा सूर होता. शाळा तपासणीला येणारे आमचे काही साहेब मला आठवले.

त्या दिवसांत एकदा मोबाइलवर निरोप आला की तुमची निवड झाली, लॅपटॉपसाठी अनामत भरा, नंतर परत मिळेल. मुलगा भरायला निघालाच होता. नातीनं अडवलं. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही, म्हणाली. आपल्या ओळखीत कुणाची मुलं या खटाटोपात असतील तर एवढं जरूर सांगा त्यांना.

निवडीचं पत्र आलं ते ‘डिअर’ आणि पुढे आमचं आडनाव! आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधार कार्डावर आधी नाव. कंपनीच्या तक्त्यात पहिलं नाव आणि शेवटचं नाव. कुणीतरी गुणपत्रिकेवरून उतरवून घेतलं, त्यामुळे पहिलं नाव झालं आडनाव आणि शेवटचं नाव झालं माझ्या मुलाचं. हे निस्तरायला तीन आठवडे गेले. आयुष्यभर दाखले लिहिलेल्या बाईच्या घरात हे व्हावं!

पगार वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत नवख्यांचा आकडा गेली कितीतरी वर्षं तिथेच घुटमळतो आहे, पेट्रोल आणि भाडी कुठे गेली तरी. आणि पत्र आलं म्हणजे नोकरी लागली असंही नाही. रुजू व्हायची तारीख मागाहून कळवू, म्हणाले. सात महिने काही कळवलं नाही. शेजारी विचारायचे, अजून घरीच? ती पेणमधल्या एका क्लासात आठवी-नववीचं गणित शिकवायला लागली. त्या सात महिन्यांत माझ्या सुनेचे केस पांढरे झाले असं ती म्हणते. माझे आधीच झालेले. अखेर तारीख आली. आता ती ऐरोलीला जाते, चार मुलींबरोबर घणसोलीला खोली घेऊन राहते आणि शनिवारी पनवेलवरून पेणला येते.

संध्याकाळचा अर्धा तास मात्र सुटलेला नाही. हमरापूरचा एक मुलगा येतो. वडील गणपतीच्या कारखान्यात आखणीचं काम करतात, डोळे रेखायचं. त्याच्या कॉलेजात पुढच्या महिन्यात कंपन्या येणार आहेत. परवा तो मला रांग समजावत होता: साच्यातून जी मूर्ती आधी निघाली ती आधी रंगायला जाते. मी विचारलं, परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीनं जायच्या असतात, त्या काही महिने आधी द्याव्या लागतात. त्यांचं काय? तो म्हणाला, “बाई, थांबा, इथे अडलो.” आणि डोकं खाजवत बोलत राहिला. त्याचं पुरं होईपर्यंत साडेआठ वाजले, त्याची शेवटची रिक्षा चुकली, म्हणून मुलगा त्याला स्कूटरवरून हमरापूरला सोडून आला.